मालकाच्या फोनवर नीट, पाहुण्याच्या फोनवर मोडकी: कोकणातल्या मराठी साइटचं नेहमीचं दुखणं

फेब्रुवारी सरता सरता आंब्याचं बुकिंग सुरू होतं आणि दिवाळीच्या आधी होमस्टेचं. या दोन्ही वेळी माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत येते: "माका सगळा बरोबर दिसता, पावण्यांका कायच दिसणा नाय!" कधी फोटो नसतात, कधी ‘बुक करा’ हे बटण गायब असतं, कधी मजकुराच्या मात्रा कापलेल्या असतात. साइट तीच, पत्ता तोच. मग कोणीतरी ‘ब्राउझर बदलून बघा’ असं सांगून मोकळं होतं आणि पाहुणा शेजारच्या होमस्टेला फोन लावतो.

दुखणं दर हंगामात उलटतं, कारण प्रत्येक वेळी ते नवं समजून स्टाइलशीटमधली (पानाच्या सजावटीचे नियम असलेल्या फाइलमधली) एखादी ओळ इकडची तिकडे केली जाते. ब्राउझरचं नाव कळून फारसं काही हाती लागत नाही. त्याच्या आत पान रेखाटणारं इंजिन कोणतं, ते किती जुनं, आणि मराठी अक्षरं काढायला त्याला फॉन्ट कुठला मिळाला, ही तीन उत्तरं मिळाली की बहुतेक गुंता सुटतो.

## आधी विचारपूस

तक्रार आली की पहिली मागणी स्क्रीनशॉटची. कापलेला नको; वरची पत्त्याची पट्टी आणि खालची बटणं धरून पूर्ण हवा. पाहुणा क्रोममध्ये आहे, सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये आहे की इन्स्टाग्रामच्याच खिडकीत अडकलाय, हे त्या पट्टीवरूनच कळतं. मग फोन कोणता, किती जुना, आणि लिंक कुठून उघडली हे विचारायचं. शेवटी पाहुण्याला एक छोटं काम सांगायचं: तीच लिंक इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट टॅबमध्ये उघडून बघा.

तिथे नीट दिसली तर ब्राउझर निर्दोष. त्या फोनमध्ये तुमची जुनी स्टाइलशीट साठून राहिली आहे आणि नव्या पानाला जुने कपडे चढतायत. आधी येऊन गेलेल्या माणसालाच हा त्रास होतो, नव्याला नाही, ही त्याची खूण. स्टाइलशीटच्या नावाला आवृत्तीचा आकडा जोडा आणि प्रत्येक बदलाबरोबर तो वाढवा. पाहुण्याला ‘कॅशे क्लिअर करा’ सांगणं म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात मारणं.

प्रायव्हेट टॅबमध्येही मोडकंच दिसलं तर खरं निदान सुरू होतं.

## नावं वीस, इंजिनं तीन

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या आत ब्लिंक हे इंजिन आहे. एज जानेवारी २०२० मध्ये त्या कळपात आलं. फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. ब्लिंक स्वतः २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालेलं, त्यामुळे दोघांत भाऊबंदकीचं साम्य आहे आणि भाऊबंदकीसारखेच वादही.

आयफोनची गोष्ट वेगळी. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाका, आत वेबकिटच चालतं. मार्च २०२४ पासून युरोपीय संघात दुसऱ्या इंजिनांना वाट मिळाली. आपल्याकडे आयफोनवरचं क्रोम आतून सफारीच. म्हणून आयफोनवाल्या पाहुण्याला ‘क्रोममध्ये उघडून बघा’ सांगून काही साधत नाही. उलट याचाच निदानाला उपयोग करून घ्या. आयफोनवर क्रोम आणि सफारी दोन्हींत मोडकं आणि अँड्रॉइडवर ठीक, तर घोटाळा वेबकिटशी. एकाच फोनवर क्रोममध्ये ठीक आणि इन्स्टाग्राममध्ये मोडकं, तर घोटाळा इन्स्टाग्रामच्या खिडकीत. एकाच जुन्या फोनवर मोडकं, तर वयाचा प्रश्न.

वयाचंही दोन्हीकडे सारखं नाही. अँड्रॉइडवरचं क्रोम प्ले स्टोअरमधून येतं, त्यामुळे फोन बऱ्यापैकी जुना असला तरी ब्राउझर नवा राहू शकतो. आयफोनची सफारी मात्र फोनच्या सिस्टिमला बांधलेली. आयफोन ६ आयओएस १२ वर थांबला, आयफोन ७ आयओएस १५ वर. गणपतीला घरी आलेला चाकरमानी नवा फोन घेतो आणि जुना आईच्या हातात ठेवून मुंबईला परततो. त्यामुळे असे थांबलेले आयफोन आपल्या गावांत भरपूर आहेत, आणि मुंबईच्या एजन्सीने बनवलेली चकचकीत साइट नेमकी त्यांच्यावर विस्कटते.

## फोटो फक्त मालकालाच दिसतात

आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो हाइक (एचईआयसी) नावाच्या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, चित्र छान असतं. मालकीणबाई अंगण, माडाची बाग, सोलकढीचं ताट यांचे फोटो काढतात, ड्राइव्हवरून लॅपटॉपवर घेतात आणि साइटवर चढवतात. सफारीच्या १७ व्या आवृत्तीपासून हाइक पानावर दिसतं, त्यामुळे त्यांच्या फोनवर गॅलरी झकास. क्रोम आणि फायरफॉक्स हाइक दाखवत नाहीत, त्यामुळे अँड्रॉइडवाल्या पाहुण्याला फाटक्या चित्राची खूण दिसते.

यावर पुष्कळ ठिकाणी केला जाणारा उपाय म्हणजे फाइलचं शेपूट बदलून ‘जेपीजी’ करणं. त्याने काहीही होत नाही, उलट गोंधळ वाढतो. फाइल आतून हाइकच राहते. नावावर भरवसा ठेवून पुढचा माणूस भलतीकडेच शोधत बसतो. फोटो खरोखर रूपांतरित करावा लागतो. कायमचा तोडगा फोनमध्येच आहे: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’. यापुढचे फोटो जेपीईजी निघतील. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला तर तो वाटेत जेपीईजी होतो, पण दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा राहतो आणि हाइकही राहतो. ‘काल पाठवलेले फोटो दिसतात, आजचे नाही’ असं कोणी म्हणालं तर पाठवायची पद्धत बदलली का, ते आधी विचारा.

याच घरातला दुसरा प्रकार वेबपी आणि ॲव्हिफ या हलक्या फाइलींचा. वेबपी आता बिनधास्त वापरा. सफारीतही ते सप्टेंबर २०२० पासून, १४ व्या आवृत्तीपासून आहे. ॲव्हिफ आयफोनवर आयओएस १६ पासून चालतं, म्हणजे वर म्हटलेल्या आयफोन ७ वर नाही. ॲव्हिफ द्यायचंच असेल तर ‘पिक्चर’ टॅगमध्ये आधी ॲव्हिफ, मग वेबपी, शेवटी जेपीईजी अशी उतरंड लावा. ब्राउझर आपल्याला पचेल ते उचलतो. छोट्या होमस्टेच्या साइटला मी ॲव्हिफच्या भानगडीत पडत नाही.

समुद्राचा मोठा फोटो मागे स्थिर आणि मजकूर वरून सरकतो, ही हौस प्रत्येक रिसॉर्टला असते. ‘बॅकग्राउंड-अटॅचमेंट: फिक्स्ड’ हे आयफोनवर धड चालत नाही, फोटो भलताच मोठा होतो किंवा साध्या चित्रासारखा सरकत जातो. तो परिणाम काढून टाका. त्या हौसेपायी कोणाची खोली जास्त भरलेली मी पाहिली नाही.

## मात्रा कापल्या जातात, शिरोरेषा तुटते

मराठी साइटवर ‘ब्राउझरचा प्रॉब्लेम’ म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी खरं तर अक्षरांच्या असतात. तयार थीम परदेशी, रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली, आणि आपण तिच्यात देवनागरी ओततो.

पानाने स्वतःचा फॉन्ट दिला नाही तर ब्राउझर यंत्रावर असेल तो घेतो. विंडोजवर निर्मला यूआय, जुन्या यंत्रावर मंगल, आयफोन आणि मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. प्रत्येकाची रुंदी वेगळी आणि ओळीच्या वर-खाली सोडलेली जागाही वेगळी. त्यामुळे ‘खोली बुक करा’ तुमच्या लॅपटॉपवर एका ओळीत बसतं आणि पाहुण्याच्या फोनवर ‘करा’ खाली घसरतं. ‘लाइन-हाइट’ दिलीच नसेल तर ओळीची उंचीही फॉन्ट ठरवतो, म्हणून बटणं कुठे जाड तर कुठे बारीक दिसतात. मराठी मजकुराला ‘लाइन-हाइट’ निव्वळ आकड्यात द्या, १.६ च्या आसपास, मथळ्यांनाही १.३ च्या खाली जाऊ नका. थीममध्ये मथळ्यांना हमखास १.१ असतं. रोमन अक्षरांना ते पुरतं, आपल्याला नाही.

एक गाव घ्या: हर्णै. शेवटच्या अक्षरावर रफार आणि त्याच्या जोडीला दोन मात्रा. वेंगुर्ले घेतलं तर रफार, मात्रा आणि पहिल्या अक्षरावर अनुस्वार. कार्डाच्या मथळ्याला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (खोक्याबाहेरचं लपव) असेल तर ही डोक्यावरची नक्षी सरळ उडते आणि हर्णैचं ‘हणे’सारखं काहीतरी वाचलं जातं. मथळ्याला रंगांची छटा देण्यासाठी अक्षरांनी पार्श्वभूमी कापायची युक्ती वापरली असेल, तरी हेच होतं: छटा खोक्यापुरतीच असते, मात्रा खोक्याच्या बाहेर. उपाय साधा आहे: मथळ्याला वर थोडं पॅडिंग आणि ओळीला उंची.

‘लेटर-स्पेसिंग’ तर आपल्या लिपीचा शत्रूच. मोठ्या अक्षरांतल्या रोमन मथळ्याला दोन पिक्सेल फट शोभून दिसते. देवनागरीत तीच फट शिरोरेषेचे तुकडे करते. काही फॉन्टांत शिरोरेषा अक्षराच्या कडेबाहेर थोडी जास्त ओढलेली असते, तिथे तुटणं कमी जाणवतं, आणि मग ‘माझ्याकडे तर जुळलेली दिसते’ हा वाद सुरू होतो. स्टाइलशीटच्या शेवटी मराठी भाषेच्या मजकुरासाठी ‘लेटर-स्पेसिंग: ०’ अशी ओळ टाकून वाद मिटवा. ती लागू पडायला पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहिलेली हवी. ती नुसती शोभेची नाही. तिथे इंग्रजी राहिलं असेल तर क्रोम तुमचं पान इंग्रजी समजू शकतं, आणि पाहुण्याने भाषांतर चालू ठेवलं असेल तर मजकुराच्या मध्ये आपले टॅग घुसवून मांडणी विस्कटून ठेवतं. होमस्टेचं नाव आणि पदार्थांची नावं यांना भाषांतराची मनाई करणारा ‘ट्रान्सलेट: नो’ लावलेला बरा.

शब्द जाड करताना फॉन्टचं जाड वळण खरोखर चढवलंय ना, ते तपासा. नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून खोटं जाड करतो. प्रत्येकाची फुगवायची तऱ्हा निराळी. ‘क्ष’, ‘श्र’, ‘द्ध’ यांच्या पोटातल्या जागा बुजून नुसता काळा ठिपका उरतो. ‘फॉन्ट-सिंथेसिस: नन’ लावलं की खोटं जाड बंद होतं आणि काय चढवायचं राहिलंय ते लगेच उघडं पडतं.

आता माझा सर्वांत आवडता, म्हणजे सर्वांत वैताग देणारा प्रकार. रेंज कमी म्हणून फॉन्ट हलका करायला त्यातली ‘नको असलेली’ अक्षरं कापली जातात. कापताना ‘ऱ’ आणि ‘ॲ’ हमखास जातात, आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडकही. मग ‘किनाऱ्यावर’ या शब्दातलं मधलंच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून येतं: एका शब्दात दोन वळणं, दोन जाड्या. कुठे कुठे तर चौकोन. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत, स्वतंत्रपणे आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते असण्याचा प्रश्नच नाही. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो, एक ‘ऱ’ वापरून आणि दुसरा ‘र’ ला हलन्त व जोडक लावून. दोन्ही बरोबर, दिसायला एकच, पण फॉन्टात दोन्हींची सोय हवी. कापाकापी करायचीच असेल तर देवनागरीचा पूर्ण विभाग, दोन्ही अदृश्य जोडक-तोडक, ठिपक्यांचं वर्तुळ आणि रुपयाचं चिन्ह एवढं ठेवून बाकीचं कापा. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये युनिकोडमध्ये आलं आणि ते देवनागरीच्या विभागात नाही, म्हणून ते विसरलं जातं आणि दरपत्रकात किमतीपुढे डबा उमटतो.

मी एक ओळ तयार करून ठेवली आहे. कुठलाही नवा फॉन्ट किंवा थीम आली की आधी ती चिकटवतो: ‘हर्णै, वेंगुर्ले, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर स्वच्छ खोल्या, ॲडव्हान्स ₹५००, क्षणभर विश्रांती, लाल शेंदूर.’ साध्या, जाड आणि मोठ्या आकारात ती नीट उमटली तर पुढे जायचं. ‘लाल’ आणि ‘शेंदूर’ यासाठी, की मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर काही फॉन्ट भाषेची खूण बघून ते देतात, काही देतच नाहीत. तिरो देवनागरी मराठीसारखा मुळात मराठीसाठीच काढलेला फॉन्ट घेतला की ब्राउझरच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

फॉन्ट चढवताना ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’ विसरू नका. नाहीतर कमी रेंजमध्ये फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर सुमारे तीन सेकंद मजकूरच दाखवत नाही, आणि ‘पान कोरं येतं’ अशी तक्रार येते. मथळ्याचं पहिलं अक्षर मोठं करायची सजावट मराठीत टाळाच. ‘श्री’ किंवा ‘क्षे’ यांतलं पहिलं अक्षर कुठवर धरायचं यावर ब्राउझरांत अजून एकवाक्यता नाही.

छापखान्यातून आलेला जुना मजकूर सरळ चिकटवला असेल तर प्रश्नच वेगळा. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेली अक्षरं आतून रोमन असतात. तो फॉन्ट ज्या यंत्रावर आहे तिथेच मराठी दिसतं, बाकी जगाला अगम्य चिन्हं. इथे स्टाइलशीटचं औषध चालत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि नंतर डोळ्यांनी वाचा, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी, कारण बदलताना ती दोनच जागा सोडून बसतात.

## बटण आहे, पण दिसत नाही

पहिल्या पडद्यावर पूर्ण उंचीचा फोटो आणि तळाला ‘बुक करा’. उंची ‘१०० व्हीएच’, म्हणजे पडद्याची पूर्ण उंची, दिलेली. फोनवर ही उंची पत्त्याची पट्टी दडल्यानंतरची, म्हणजे सर्वांत मोठी धरली जाते. पान उघडतं तेव्हा पट्टी असतेच, म्हणून बटण पडद्याखाली जातं. लॅपटॉपवर फोनची नक्कल करून बघाल तर हे कधीच पकडलं जाणार नाही. २०२२ मध्ये तिन्ही इंजिनांत ‘एसव्हीएच’ (पट्टी दिसत असतानाची लहान उंची) आणि ‘डीव्हीएच’ (पट्टीबरोबर बदलणारी) ही नवी मापं आली. आधी जुनी ओळ ठेवा, तिच्याखाली ‘१०० एसव्हीएच’. जुना ब्राउझर न कळलेली ओळ सोडून देतो. ‘डीव्हीएच’ मला आवडत नाही. पट्टी सरकली की पान हिंदकळतं.

बटण गायब होण्याचं दुसरं कारण जास्त छुपं आहे. तालुक्याच्या गावी एखाद्या ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर अजून विंडोज ७ चालतं. त्या यंत्रावर क्रोम १०९ पर्यंतच येतं; फेब्रुवारी २०२३ मधल्या ११० पासून विंडोज १० लागतं. इकडे टेलविंड या सजावटीच्या तयार साधनाच्या जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीला किमान क्रोम १११, सफारी १६.४ आणि फायरफॉक्स १२८ हवं. तिचे रंग ‘ओकेएलसीएच’ या नव्या पद्धतीने लिहिलेले असतात आणि क्रोम १०९ ला ती पद्धत कळत नाही. परिणाम असा: बटणाची पार्श्वभूमी पारदर्शक होते, त्यावरची अक्षरं पांढरीच राहतात, आणि मागचं पानही पांढरं. एजंट म्हणतो बटण नाही. माउस दाबून त्या कोपऱ्यावर ओढा, निवडलेल्या निळ्या पट्टीत ‘बुक करा’ अवतरतं.

इथे ‘आधी जुना रंग, खाली नवा रंग’ ही युक्ती लागू पडत नाही, कारण रंग व्हेरिएबलमधून, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या किमतीतून, येतो. व्हेरिएबलची ओळ ब्राउझरला वाचताना बरोबरच वाटते. किंमत न पटल्यावर तो मागच्या ओळीकडे परत जात नाही, थेट पारदर्शकवर जातो. एक तर ‘सपोर्ट्स’च्या अटीत (ब्राउझरला कळत असेल तरच लागू) नवे रंग ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकांत अशी यंत्रं असतील तर टेलविंड ३.४ वरच राहा. मी दुसरं करतो. नवं आलं म्हणून घ्यायलाच हवं असं नाही.

तिसरं कारण डार्क मोड. सॅमसंगचा ब्राउझर गडद करताना स्वतःच्या हिशेबाने रंग उलटवतो. पारदर्शक पीएनजीतला काळा लोगो काळ्यावर काळा होतो. लोगोला पांढरी किनार द्या, सुटका होते.

## किरकोळ पण नेहमीचं

फ्लेक्स या मांडणीत ‘गॅप’ (कार्डांमधली फट) दिलेली असताना सगळी कार्डं एकमेकांना चिकटली, तर समोर एप्रिल २०२१ च्या आधीची, म्हणजे १४.१ च्या आतली सफारी आहे असं समजा आणि मार्जिन द्या. नाव-नंबर भरताना आयफोनवर पान अचानक मोठं होत असेल तर रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान आहेत. ती १६ करा, झूम बंद करायच्या मागे लागू नका, वयस्कर गिऱ्हाइकांना तो लागतो. पेट्यांच्या दरांचा रुंद तक्ता फोनवर सगळं पानच आडवं सरकवत असेल तर तक्त्याभोवती आडवं सरकणारी चौकट घाला. जुन्या सफारीत मुक्कामाची तारीख ‘अवैध’ येत असेल तर तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा आहे का बघा. तिथे ‘टी’ हे रोमन अक्षर हवं.

खोल्यांची संख्या मराठी आकड्यांत भरली की हिशेब बिघडतो, कारण जावास्क्रिप्टला ‘२’ हा आकडा वाटतच नाही. आणि ‘मराठी, भारत’ असं सांगून तिच्याकडून किंमत लिहून घेतली तर ती आपण होऊन देवनागरी आकडे देते. दाखवायला देवनागरी, हिशेबाला रोमन, आणि मध्ये बदलणारं चार ओळींचं फंक्शन. एवढं ठेवलं की झालं.

संपूर्ण साइटच फोनवर मुंगीएवढी दिसत असेल तर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी ओळ) नाही. तो नसला की आयफोन पान ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसून दाखवतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची पानं असतील तर अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप (पान कुठल्या प्रकारचं ते सांगणारी ओळ) आहे का तेही बघा. नसेल तर ब्राउझर मुद्दाम जुन्या काळातल्यासारखा वागतो आणि रुंद्या कुठेच जुळत नाहीत.

इन्स्टाग्रामवरच्या रीलखाली दिलेली लिंक त्या ॲपच्याच खिडकीत उघडते. तिथे यूपीआयची लिंक बऱ्याचदा अडते, पैसे भरायचं ॲप उघडतच नाही. त्याच फोनवर क्यूआर दाखवून फारसा उपयोग नाही, कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? यूपीआय आयडी आणि शेजारी ‘कॉपी करा’ हे बटण द्या.

## मॅक नसताना तपासणी

सफारीची खरी तपासणी मॅकला आयफोन जोडून होते. ते शक्य नसेल तर लिनक्सवर एपिफनी ब्राउझर टाका, आत वेबकिट आहे. विंडोजवर प्लेराइट हे साधन स्वतःबरोबर वेबकिट घेऊन येतं. मांडणीतले निम्म्याहून जास्त घोळ यांतच सापडतात. पत्त्याच्या पट्टीचा, कीबोर्डचा आणि झूमचा प्रकार मात्र खऱ्या फोनवरच कळतो. मुंबईत २०११ साली सुरू झालेलं ब्राउझरस्टॅक दूरवरचे खरे फोन भाड्याने देतं; पाच-सहा गिऱ्हाइकं असतील तर परवडतं. अँड्रॉइडसाठी खर्च नाही: फोन केबलने जोडा, लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडा, फोनवरचं पान तिथून तपासता येतं.

आणि कोटेशनमध्ये ‘सर्व ब्राउझरवर चालेल’ असं लिहून देऊ नका. इंजिन आणि आवृत्ती लिहा: उदाहरणार्थ आयओएस १५ पासून पुढे, क्रोम १०९ पासून पुढे, फायरफॉक्स ११५ पासून पुढे. त्याखालच्या फोनवर मजकूर, फोन नंबर आणि दर वाचता येतील, सजावटीची हमी नाही, हेही तिथेच लिहा. गिऱ्हाइकाला आवृत्त्या समजत नसतील तर घरातल्या सगळ्यांचे फोन मागून घ्या आणि कोणता फोन कुठल्या आवृत्तीवर आहे ते त्याच्यासमोरच कागदावर उतरवा.